विहीर, तलाव आणि हिशेबाचे यंत्र

पाण्यात औषध किती टाकायचे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा नजरेने सोडवला जातो. पंचायतीचा माणूस विहिरीच्या काठावर उभा राहतो, आत डोकावतो, पाणी किती असेल याचा अदमास घेतो आणि पिशवीतून दोन-तीन ओंजळी टीसीएल पावडर बादलीत काढतो. त्याला विचारले, “भाऊ, एवढीच का?” तर उत्तर मिळते, “नेहमी एवढीच टाकतो.” या “नेहमी”च्या मागे कधी तरी कोणी तरी केलेला हिशेब असेलही. पण आज तो कोणाला सांगता येत नाही.

आता मोबाईल फोनवर अशी सॉफ्टवेअर मिळतात, की पाण्याची लांबी, रुंदी, खोली भरली म्हणजे औषधाचे ग्रॅम क्षणात पडद्यावर येतात. मुळात ही साधने पोहण्याच्या तलावांसाठी तयार झाली. पोहण्याचा तलाव राखणाऱ्या माणसाला हा हिशेब रोज, कधी दिवसातून दोन वेळा करावा लागतो, म्हणून त्याची गरज मोठी. परंतु तलावाचे गणित आणि विहिरीचे गणित मुळात एकच आहे. म्हणून या साधनांचा आपल्या गावाला काय उपयोग होईल, आणि त्यांवर विसंबून कोठे फसगत होईल, याचा आज थोडा विचार करू.

पाण्याचा हिशेब आम्हां साक्री-पिंपळनेरकडच्या लोकांना नवा नाही. पांझरा नदीवर बंधारे बांधून, पाट काढून, फडाफडाने पाणी वाटून घेण्याची रीत इथे काही शतके चालत आली. कोणत्या फडाला केव्हा आणि किती वेळ पाणी द्यायचे, हे पाटकऱ्याच्या तोंडी असे, आणि त्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवी. ते पिकाच्या पाण्याचे मोजमाप झाले. पिण्याच्या आणि पोहण्याच्या पाण्याबाबत मात्र आपण अजून तितके काटेकोर झालेलो नाही. त्याचे एक कारण असे, की पिकाला पाणी कमी पडले तर ते डोळ्यांना दिसते. पाण्यात औषध कमी पडले तर ते दिसत नाही. “पानी त चांगलं शे,” असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि आठ दिवसांनी दवाखान्यात रांग लागली म्हणजे विहिरीकडे धावतो.

ज्या द्रव्याच्या जोरावर हे सगळे चालते ते क्लोरीन. शील नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७४ साली हा वायू प्रथम तयार केला. पुढे १७९९ साली स्कॉटलंडमध्ये टेनंट याने तो विरलेल्या चुन्यात मुरवून त्याची भुकटी करण्याचे पेटंट घेतले. कापड पांढरे करण्यासाठी ती भुकटी वापरीत. म्हणून तिचे नाव ब्लीचिंग पावडर, आणि आपल्या गावोगावची टीसीएल ती हीच. पाण्यातून रोग पसरतात हे सिद्ध होण्यास मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर पटकीचे मूळ शोधीत हिंदुस्थानात आला, आणि १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला पटकीचे जंतू सापडले. त्याच तळ्यावर लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि त्यातलेच पाणी पीत. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा तेथील नळ ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने धुऊन काढले. अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटी शहराच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीन घालण्यास आरंभ झाला. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात हे रसायन घालावे काय, यावरून ते प्रकरण न्यायालयात गेले, आणि हा उपाय सुरक्षित व परिणामकारक आहे असा निर्णय लागला. तेव्हापासून प्रश्न राहिला तो एकच: किती घालावे?

आपल्या खानदेशात पोहणे शिकायचे ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, अलीकडे प्लॅस्टिकचा डबा, आणि काठावरून ढकलून देणारा काका किंवा मामा, ही आपली पोहण्याची शाळा. ज्या विहिरीत मुले उड्या मारतात तिचेच पाणी प्यायचे, यात किती धोका आहे हे आपण नारूवरून चांगले शिकलो आहोत. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस गुडघाभर उतरे, त्याच्या पायातल्या नारूची पिल्ले पाण्यात जात आणि तेच पाणी दुसरा पीत असे. पायविहिरी बंद करणे, पाणी गाळणे आणि पाण्याच्या मापाने औषध टाकणे, अशा उपायांनी नारू हटला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा मापाने टाकलेल्या औषधाची ताकद काय असते, हे आपल्या पिढीने पाहिलेले आहे.

पोहण्याच्या बांधीव तलावाची गोष्ट विहिरीहून जरा निराळी. विहिरीला झरे असतात, तिचे पाणी उपसले जाते आणि नवे येते. तलावात तेच पाणी गाळून गाळून पुन्हा वापरतात. प्रत्येक पोहणारा घाम, तेल, माती आणि थोडेफार जंतू बरोबर घेऊनच उतरतो. क्लोरीन या सगळ्यांशी झुंजण्यात खर्ची पडते. शिवाय त्याला ऊनही खाते. कडक उन्हात, नुसते टाकलेले क्लोरीन तासाभरात निम्म्याच्या आसपास उडून जाते. म्हणून तलावाला आज घातले आणि आठवडाभर पाहिले नाही, असे चालत नाही. आता शेतावरच्या पर्यटन-निवासांत आणि फार्महाऊसवर लहानमोठे तलाव होऊ लागले आहेत. त्यांची निगा राखायला बहुधा शेतावरचाच गडी असतो, आणि त्याच्या हातात मालकाने मोबाईल दिलेला असतो. हे सॉफ्टवेअर नेमक्या अशाच माणसाच्या कामाचे आहे.

ते करते तरी काय? आत काही जादू नाही. चौथी-पाचवीतले गुणाकार-भागाकार आहेत. एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुरे: लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजेच दर हजार लिटरला एक ग्रॅम. एवढ्या एका ओळीवर सगळा डोलारा उभा आहे.

एक तलाव घेऊ. लांबी २५ मीटर, रुंदी साडेबारा मीटर, उथळ बाजूला १ मीटर आणि खोल बाजूला २ मीटर पाणी, आणि तळाला सरळ उतार. सरासरी खोली दीड मीटर. तिन्हींचा गुणाकार ४६८.७५ घनमीटर, म्हणजे ४ लाख ६८ हजार ७५० लिटर पाणी. त्यात आज लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन आहे आणि आपल्याला दोन मिलिग्रॅम हवे आहे. तूट दीड मिलिग्रॅमची. म्हणजे ४६८.७५ गुणिले दीड, सुमारे ७०३ ग्रॅम निव्वळ क्लोरीन लागणार. परंतु बाजारात निव्वळ क्लोरीन मिळत नाही, भुकटी मिळते. ६५ टक्के शक्तीची भुकटी असेल तर ७०३ला ०.६५ ने भागायचे, उत्तर १ किलो ८२ ग्रॅम. तीच टीसीएल ३३ टक्क्यांची असेल तर २ किलो १३० ग्रॅम. सॉफ्टवेअर एवढेच करते: पाणी किती, तूट किती, औषधाची शक्ती किती. फक्त ते चुकत नाही, थकत नाही आणि दशांशचिन्ह विसरत नाही.

आता विहीर घेऊ. व्यास ५ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.७८५४. उत्तर ७८.५ घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर. पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम चांगली टीसीएल, हे आपल्याकडचे रूढ प्रमाण. म्हणजे ३९३ ग्रॅम. किती साधे आहे पाहा.

तलावाची सॉफ्टवेअर याहून थोडी पुढे जातात. ती पाण्याचा सामू विचारतात. सामू हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदामुळे ठाऊक आहे. पाणी आम्ल की अल्कली, हे तो सांगतो. क्लोरीन पाण्यात दोन रूपांनी राहते, आणि त्यांतले एकच रूप जंतूंना झपाट्याने मारते. सामू साडेसातच्या आसपास असेल तर जवळजवळ निम्मे क्लोरीन या कामाच्या रूपात असते. सामू साडेआठवर गेला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, पट्टीवर रंगही येतो आहे, पण ते आळसावलेले आहे. यास्तव जागतिक आरोग्य संघटना क्लोरीनच्या तलावाला सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवण्यास सांगते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था लिटरमागे निदान १ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन ठेवा म्हणते, आणि उन्हापासून बचाव करणारे सायन्यूरिक आम्ल पाण्यात घातले असेल तर निदान २ मिलिग्रॅम. कारण ते आम्ल क्लोरीनला उन्हापासून जपते, तसेच त्याचा हातही जरा आखडून धरते.

दुसरी गोष्ट क्षारांची. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा, बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड. चहाच्या भांड्यावर पांढरा थर बसतो तो यामुळेच. असे पाणी तलावात भरले की फरशीवर आणि नळांत खर धरते. उलट पाणी फार मऊ व आम्ल झाले तर सिमेंट खाते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँगेलियर या प्राध्यापकाने १९३६ साली यासाठी एक निर्देशांक मांडला. सामू, तापमान, चुन्याचा अंश, अल्कलीपणा आणि विरघळलेले एकूण क्षार, या पाच गोष्टींवरून पाणी थर धरील की खाईल, हे त्यावरून कळते. हा हिशेब हाताने करणे किचकट. लॉगॅरिथमची कोष्टके उघडावी लागत. पूल मॅथसारखी साधने तो डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच करून देतात. इथे यंत्राचे उपकार मानलेच पाहिजेत.

आता दुसरी बाजू. यंत्राला आपण जे सांगू तेच ते खरे मानते. तोंडाकडे पाहून “बापू, काही तरी गडबड दिसते” असे ते म्हणत नाही. खेड्यात विहिरीचे माप फुटांत सांगण्याची चाल आहे. आपली तीच विहीर फुटांत १६.४ व्यासाची आणि १३.१ खोलीची. हे आकडे कोणी मीटरच्या चौकटीत भरले, तर यंत्र तत्परतेने उत्तर देईल: १३ किलो ८०० ग्रॅम! ३९३ ग्रॅमच्या जागी पस्तीस पट. कारण लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींत सव्वातीन पटीहून थोडी अधिक चूक झाली आणि त्यांचा गुणाकार झाला. उलट चूक झाली, मीटरचे आकडे फुटांच्या चौकटीत पडले, तर औषध पस्तिसाव्या हिश्श्याने पडेल. पहिली चूक निदान वासाने तरी कळेल. दुसरी कळणारच नाही, आणि ती अधिक घातक. तीच गोष्ट व्यास आणि त्रिज्येची. व्यासाच्या जागी त्रिज्या भरली तर उत्तर चौथाई येते. पुष्कळ साधने अमेरिकेत तयार झालेली, म्हणून ती गॅलन विचारतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, आणि आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेला विलायती गॅलन ४.५४६ लिटरचा. एवढ्या फरकाने हिशेब पाचव्या हिश्श्याने इकडचा तिकडे होतो.

आणि सर्वांत मोठी फसगत भुकटीच्या शक्तीची. ताजी टीसीएल सुमारे ३३ टक्क्यांची असते. पण ती उघडी राहिली, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत वैशाखभर तापली, की तिची शक्ती गुपचूप उतरत जाते. रंग तोच, पिशवी तीच. २० टक्क्यांखाली उतरलेली पावडर निकृष्ट धरतात. समजा ती बरोबर २० वर आली आहे आणि यंत्राला आपण ३३ सांगितले. मग ३९३ ग्रॅमऐवजी खरे तर ६४८ ग्रॅम हवे होते. पडद्यावरचा आकडा दशांशापर्यंत अचूक, आणि पाणी मात्र अर्धेमुर्धे शुद्ध!

यावर जुन्या लोकांनी एक फार शहाणपणाचा उपाय काढला होता. हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरच्या नावाने एक पेटी ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात सैन्याने ती वापरली, आणि आपल्या आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनाही ती शिकवली जाते. त्या पेटीत सहा पांढरे पेले असतात, एक काळा पेला आणि दोन ग्रॅम मापाचे चमचे. विहिरीचेच पाणी पेल्यांत घ्यायचे, आपल्याच पिशवीतल्या पावडरीचे द्रावण काळ्या पेल्यात करायचे, आणि पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे टाकीत जायचे. अर्धा तास थांबून दर्शक द्रव घालायचा. ज्या पेल्यात प्रथम निळा रंग स्पष्ट उमटेल, त्याचा क्रमांक पाहायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटरला, म्हणजे शंभर विलायती गॅलनांना, तीन चमचे, सहा ग्रॅम पावडर. झाला हिशेब. पावडर जुनी की नवी, पाणी स्वच्छ की घाणीचे, हे वेगळे विचारावे लागत नाही. दोन्हींचे उत्तर त्या पेल्यात एकदम मिळते. फोन माणसाला विचारतो आणि हॉरॉक्सची पेटी पाण्याला विचारते. म्हणून मी म्हणतो, फोन आल्यामुळे पेटी फेकून देऊ नये. विहीर किती लिटरची, हे फोनला विचारावे. त्या पाण्याची भूक किती आणि पावडरीत दम किती, हे पेटीला विचारावे.

“भूक” हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाण्यात सडका पाला, माती, शेवाळ असले की ते आधी क्लोरीन खाऊन टाकते. उरेल ते जंतूंच्या वाट्याला. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की ही भूक एकदम वाढते. त्या दिवशी नेहमीचा आकडा पुरत नाही. सॉफ्टवेअरला तुमच्या गावात काल पाऊस पडला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक साधनांत तसे सांगण्याची सोयही नाही.

म्हणून औषध टाकल्यावरची तपासणी ही या कामातली मुख्य गोष्ट. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ग्राहकापर्यंत पोहोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. यासाठी गावोगाव ओटी चाचणी आहे. नळीत पाणी घ्यायचे, दर्शकाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग पाहायचा. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत पाहावा. पंधरा-वीस मिनिटांनी पाहिला तर बांधले गेलेले, कमजोर क्लोरीनही रंग देते आणि खोटे समाधान होते. आणि पाणी टाकीच्या तोंडाशी तपासू नये. गावाच्या शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला तपासावे. तिथे पिवळे आले तर सगळ्या गावाला पोहोचले.

टाकण्याचीही रीत आहे. ३९३ ग्रॅम पावडर कोरडीच विहिरीत भिरकावू नये. एका बादलीला शंभर ग्रॅमहून अधिक घेऊ नये. म्हणजे आपल्या विहिरीला चार बादल्या. थोड्या पाण्यात पावडर कालवून तिची राबडी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी व वरखाली हलवावी. तळाचा चुना बाहेर टाकावा. तो विहिरीत गेला तर पाणी आणखी जड होते. हे काम रात्री करावे आणि पाणी निदान तासभर तरी हलवू नये. सकाळी उपसण्यापूर्वी तपासून घ्यावे.

तलाव राखणाऱ्यांना दोन धोक्यांच्या सूचना दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सामू उतरवण्यासाठी ते हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आम्ल आणि क्लोरीनची भुकटी किंवा द्रव ही कधीही, एका भांड्यातसुद्धा, एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू उसळतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तो हाच वायू. दुसरे असे, की निरनिराळ्या जातींच्या क्लोरीन भुकट्या एकमेकींत मिसळू नयेत. त्यांचा भडका उडू शकतो. सॉफ्टवेअर दोन आकडे एकाखाली एक दाखवते, आम्ल इतके, क्लोरीन इतके. त्यावरून ते दोन्ही एकाच बादलीत घालायचे, असा समज नवख्या गड्याचा होऊ शकतो. मालकाने मोबाईल देण्याआधी हे त्याला समोर बसवून सांगावे. आणि शेततळ्यात पोहणाऱ्या मुलांना कोणतेही औषध वाचवू शकत नाही, हेही सांगून ठेवतो. त्या प्लॅस्टिकच्या निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. तिथे कुंपण हाच उपाय.

आता माणसाचा विचार करू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला पाण्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. व्यवस्था चांगली आहे. तिचा सारा भार मात्र एका साध्या माणसाच्या खांद्यावर आहे. त्याला वसुली करायची असते, दिवाबत्ती पाहायची असते, नळाची तक्रार ऐकायची असते आणि पाण्यात औषधही टाकायचे असते. गावात साथ आली की पहिले बोट त्याच्याकडे जाते. त्याच्या हातात आपण मोबाईल दिला आणि म्हटले, “आता यात येईल तेवढे टाक,” तर आपली जबाबदारी संपली काय? नोंदवहीत रोजचा आकडा सुबक उतरेल. पण नळी कोणी भरली नाही, रंग कोणी पाहिला नाही, तर तो आकडा कागदाचा. असल्या आकड्यावर मिळालेले हिरवे कार्ड लाल कार्डापेक्षा वाईट, कारण लाल कार्ड निदान सावध तरी करते.

मी गणित शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मी नेहमी सांगतो, की उत्तर आले म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे काम ते उत्तर संभवते की नाही, हे पाहण्याचे. ज्याला विहीर किती मोठी आहे याचा अंदाज आहे तो १३ किलोचा आकडा पाहून थबकेल. ज्याला नाही तो पोते उघडेल. म्हणून यंत्र आल्याने हातचा हिशेब शिकण्याची गरज कमी झाली नाही. ती वेगळ्या जागी गेली, एवढेच.

यावर एक छोटी योजना सुचवतो. तिला फारसा पैसा लागत नाही. गावातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांनी सुटीत एकदा सगळ्या सार्वजनिक विहिरी व टाक्या मोजाव्यात. टेप मीटरची घ्यावी. फुटांच्या भानगडीत पडूच नये. माप दोघांनी वेगवेगळे घ्यावे आणि जुळवून पाहावे. मग फोनवर हिशेब करावा, आणि तोच कागदावर हाताने करून ताडून पाहावा. उदाहरणार्थ, ५ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर खोलीला १९ हजार ६०० लिटर पाणी मावते आणि त्याला ९८ ग्रॅम ताजी टीसीएल लागते. विहिरीच्या आतल्या भिंतीवर मीटरच्या खुणा कराव्यात आणि बाहेर काठावर ऑइलपेंटने कोष्टक लिहावे: एक मीटर पाणी, ९८ ग्रॅम; दोन मीटर, १९६; चार मीटर, ३९३; आठ मीटर, ७८५. मग चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेले आणि श्रावणात वर आले, तरी “नेहमी एवढीच” म्हणण्याचा प्रसंग येणार नाही. मोबाईलची बॅटरी उतरली, माणूस बदलला, रेंज गेली, तरी भिंत तिथेच राहील, आणि जाणारा-येणारा कोणीही ती वाचून विचारू शकेल, “दादा, आज किती मीटर आहे? किती टाकली?”

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जी १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्था म्हणून निघाली, लहान घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची रीत सांगितली आहे. एका मडक्यात दुसरे मडके, आत वाळू आणि ब्लीचिंग पावडर, दोन्हींना भोके. ते विहिरीत टांगले की औषध दोन-तीन आठवडे हळूहळू झिरपत राहते. कुंभाराच्या मडक्यातही विज्ञान बसते आणि मोबाईलमध्येही बसते. आपल्या कामाला जे ज्या जागी उपयोगी पडेल ते तिथे घ्यावे. कशाचा मोठेपणा मिरवू नये आणि कशाला नावे ठेवू नयेत.

पूर्वी पाटकऱ्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवी. त्याचे कारण असे, की तो स्वतः पाटावर उभा असे आणि पाणी कोणाच्या शेतात गेले हे सगळ्यांना दिसे. औषधाच्या हिशेबालाही तसाच उजेड हवा. आकडा यंत्राने काढावा, माणसाने तपासावा आणि गावाने विचारावा. उद्या आपल्या पंचायतीत जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: आपली विहीर किती लिटरची आहे, आणि शेवटच्या नळाला काल पिवळा रंग आला होता काय? या दोन प्रश्नांची उत्तरे जिथे तयार असतील, तिथल्या लेकरांनी खुशाल पाणी प्यावे.